मदत हवी आहे: टेक्ससमधल्या प्लॉटवर सेप्टिक टँकचं परमिट
नमस्कार मंडळी, आम्ही टेक्ससमध्ये एका ग्रामीण काउंटीत सव्वा एकराचा प्लॉट बघतोय, ड्रेनेज लाईन नाही आणि पाण्याला स्वतःची बोअरच घ्यावी लागणार. राज्याच्या नियमात नव्याने पाडलेल्या प्लॉटला बोअर असेल तर कमीत कमी 1 एकर लागतो, तेवढ्यात बसतोय, पण टाकीचं पाणी मुरवायच्या लाईनी बोअरपासून 100 फूट लांब हव्यात आणि माती एकदम काळी चिकण, आपल्या कपाशीच्या रानासारखी, पाणी जिरतच नाही. काउंटीचे नियम अजून कडक असू शकतात ना? माती तपासणी सौद्याआधीच करून घ्यावी का? एरोबिक सिस्टिम (टाकीत हवा सोडून सांडपाणी शुद्ध करणारी) कोणी बसवलीय का, मेंटेनन्सला वर्षाला किती जातात? पोरं त्याच बोअरचं पाणी पिणार म्हणून फार काळजी वाटतेय, प्लीज सांगा.