जुन्या सर्किट बोर्डांचे दागिने
जुने सर्किट बोर्ड (इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आतल्या, भाग जोडलेल्या पट्ट्या) कापून कानातले केले तर चालतील का असं एकाने विचारलंय, तर करा की, मस्त दिसतात, पण कापताना मास्क लावाच आणि बोर्ड ओला ठेवा, त्यात ग्लास फायबर म्हणजे काचेचे बारीक तंतू असतात आणि ती धूळ फुफ्फुसात जाते, शिवाय जुन्या सोल्डरमध्ये (भाग जोडायला वापरलेल्या धातूत) विषारी शिसं असतं म्हणून वरून रेझिनचा (सुकून कडक होणाऱ्या द्रवाचा) थर हवाच. मला स्वतःला दागिन्यांसाठी कॉम्प्युटरची हार्ड डिस्क (माहिती साठवणारा भाग) जास्त आवडते, आतली चकती आरशासारखी लख्ख! लॅपटॉपमधली बऱ्याचदा काचेची असते, ती वाकवायला गेलं की तुकडे उडतात. फक्त चालू होऊ शकणारी वस्तू प्लीज मोडू नका, २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झालाय, मटेरियल कमी पडणार नाही. आणि जुन्या डबा टीव्हीची पिक्चर ट्यूब (पडद्यामागची काचेची मोठी नळी) अजिबात फोडायची नाही, आत व्हॅक्यूम असतो, काचा जोरात उडतात.