ऑप्शन हा दुबळ्यांचा खेळ नाही, क्वार्टरबॅकच्या अकलेचा खेळ आहे

पीचट्री (धागाकर्ता)

परवा एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. अमेरिकन कॉलेज फुटबॉलवरून बोलणं निघालं आणि तो म्हणाला, "ऑप्शन म्हणजे ज्यांना पास टाकता येत नाही त्यांची पळवाट." (ऑप्शन म्हणजे चेंडू दुसऱ्याला द्यायचा, स्वतःकडे ठेवायचा की बाजूला टाकायचा हे क्वार्टरबॅकने, म्हणजे डाव चालवणाऱ्या खेळाडूने, धावता धावता ठरवायचा डाव; पास म्हणजे हवेतून पुढे टाकलेला चेंडू.) चारचौघांत वाद वाढवला नाही, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून इथे लिहितोय.

मी २००८ साली एम.एस. करायला अटलांटाला, जॉर्जिया टेकला आलो. ऑप्शन खेळवणारे प्रशिक्षक पॉल जॉन्सन यांचाही तिथला पहिला मोसम तोच. मला या खेळाचं ओ की ठो माहीत नव्हतं. रूममेटच्या मागे लागून सामने बघितले आणि तिसऱ्या-चौथ्या सामन्यात एकदम डोक्यात प्रकाश पडला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदानावर अकरा विरुद्ध अकरा असतात. नेहमीच्या धावेत क्वार्टरबॅक चेंडू दुसऱ्याच्या हाती देतो आणि बघत उभा राहतो. म्हणजे एक गडी फुकट गेला. ट्रिपल ऑप्शनवाला म्हणतो, समोरच्या दोघांना आम्ही ब्लॉकच करत नाही, म्हणजे अंगाने अडवतच नाही, त्यांना क्वार्टरबॅक बघून घेईल. चेंडू आला की तो बी-बॅकच्या, म्हणजे थेट मागे उभ्या असलेल्या धावणाऱ्या गड्याच्या, पोटाशी धरायचा. क्षणभर दोघांचेही हात चेंडूवर असतात, याला मेश म्हणतात. या वेळी क्वार्टरबॅकची नजर चेंडूवर नसते. ती असते समोरच्या, मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या गड्याच्या खांद्यांवर. तो बी-बॅकवर झेपावला तर चेंडू पोटातून ओढून घ्यायचा. तो जागेवर थबकला तर देऊन टाकायचा. ओढून घेतला की दोन पावलांवर दुसरा मोकळा गडी उभा. तो अंगावर आला तर बाजूने धावणाऱ्या ए-बॅककडे पिच करायचा, म्हणजे बाजूला फेकायचा, तो पिचकडे सरकला तर स्वतः आत घुसायचं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत, वीस-एकवीस वर्षांच्या पोराने ठरवायचं.

कबड्डी खेळलेल्यांना लगेच कळेल. चढाई करणारा हूल देतो आणि कोपरारक्षकाने ती ओळखायची असते. इथे चढाई करणाराच कोपरारक्षकाची हालचाल ओळखतो, आणि कोपरारक्षकाने काहीही केलं तरी तोच फसतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरात जॉर्जिया राज्यातल्याच अथेन्स गावी जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध सामना होता. समोर त्यांचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड, जो पुढच्या वर्षी एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) निवडीत पहिल्या क्रमांकावर गेला. मध्यंतराला टेक १२-२८ ने मागे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही २६ गुण काढले आणि ४५-४२ ने जिंकलो. जमिनीवरून ४०९ यार्ड! स्टॅफर्डने पाच टचडाउन पास (थेट गुणरेषेपार पोहोचलेले) टाकूनही तो हरला. ज्यांना पळवाट म्हणायचं त्यांनी हे आधी समजावून सांगावं.

सदा_कोलंबस

लिहिलंय छान, पण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या सामन्यानंतर महिन्याभराने, ३१ डिसेंबरला, तुमचाच संघ तुमच्याच शहरात बोल सामन्यात, म्हणजे मोसम संपल्यावरच्या खास सामन्यात, एलएसयूकडून (लुइझियाना स्टेटकडून) ३-३८ ने हरला. पुढच्या मोसमात ऑरेंज बोलमध्ये आयोवाकडून १४-२४. त्यानंतर इंडिपेंडन्स बोलमध्ये एअर फोर्सकडून ७-१४. तीन वर्षं ओळीने. का? कारण बोल सामन्याआधी समोरच्याला तीन-चार आठवडे सराव मिळतो. ऑप्शनचं अर्धं बळ अनोळखीपणात आहे. एरवी समोरच्या संघाला शनिवार ते शनिवार एवढाच वेळ, त्यात सरावातला नकली क्वार्टरबॅक खऱ्याच्या वेगाने मेश करू शकत नाही. महिना द्या, मग बघा.

दुसरं, क्वार्टरबॅकचा निर्णय, क्वार्टरबॅकचा निर्णय म्हणून एवढं डोक्यावर घेऊ नका. झोन रीडमध्ये, म्हणजे एकाच मोकळ्या गड्याला बघून द्यायचं की ठेवायचं ठरवण्याच्या डावात, एंड (बचावफळीच्या टोकाचा गडी) आत झेपावतो, क्वार्टरबॅक नियमाप्रमाणे चेंडू ठेवून घेतो आणि बाहेर पळतो, आणि तिथे लाइनबॅकर (फळीमागचा बचावपटू) आधीच येऊन उभा असतो. याला स्क्रेप एक्सचेंज म्हणतात. एंड आणि लाइनबॅकरने ठरवून जागा बदललेली असते. पोराने वाचलं बरोबर, तरी दोन यार्ड मागे. निर्णय त्याचा वाटतो, पण तो निर्णय समोरच्या प्रशिक्षकाने त्याच्याकडून करून घेतलेला असतो! याला तोड काढतो तो आपला प्रशिक्षक, पुढच्या वेळी एंडऐवजी त्या लाइनबॅकरलाच वाचायला सांगून. डाव बाकावरून चालतो, मेशवरून नाही.

आणि दुखापत. १ डिसेंबर २००७. वेस्ट व्हर्जिनिया देशात दुसऱ्या क्रमांकावर, घरच्या मैदानावर पिट्सबर्गविरुद्ध. हा एक सामना जिंकला की विजेतेपदाची लढत. क्वार्टरबॅक पॅट व्हाइटचा अंगठा निखळला आणि प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझचा तो विजेसारखा ऑफेन्स (आक्रमण) ९ गुणांवर अडकला. ९-१३. त्याच मोसमात ओरेगनही दुसऱ्या क्रमांकावर होतं, क्वार्टरबॅक डेनिस डिक्सनचा गुडघा गेला आणि ॲरिझोनात हरलं. सगळा डोलारा एका पोरावर उभा करायचा आणि वर त्याच पोराला सामन्यात पंधरा-वीस वेळा धडका खायला लावायच्या. मला हे पटत नाही. खेळ म्हणूनही नाही आणि माणूस म्हणूनही नाही.

मृणाल_लिंकन

सदादादा, दुखापतीच्या मुद्द्यावर नेब्रास्काकडून थोडं. १९९४ मध्ये आमचा क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझियरच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि तो मोसमाचा बराचसा भाग बाहेर बसला. ब्रूक बेरिंजर आला, तो मुळात पास टाकणारा. मग त्याच्याही फुप्फुसाला इजा झाली. कॅन्सस स्टेटविरुद्ध मॅट टर्मन उतरला, शिष्यवृत्तीवर नसलेला, वॉक-ऑन पोरगा. तरी संघ १३-० राहिला आणि प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्नना पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. एका पोरावर डोलारा उभा असता तर हे झालं असतं का?

पण म्हणूनच मला पीचट्री यांचंही पूर्ण पटत नाही. तीन वेगवेगळे क्वार्टरबॅक येऊनही संघ जिंकतो, तेव्हा श्रेय लाइनमनचं, म्हणजे पुढच्या फळीत ब्लॉक करणाऱ्यांचं, असतं. इथे लिंकनमध्ये जुनी माणसं आजही त्या लाइनबद्दल देवाबद्दल बोलावं तसं बोलतात. मायामीविरुद्धच्या ऑरेंज बोलमध्ये शेवटच्या क्वार्टरला निकाल कोणी लावला? फुलबॅक (तुमच्या बी-बॅकसारखाच) कोरी श्लेसिंगरने, मधल्या दारातून, दोनदा. २४-१७. मायामीची पोरं बाहेरच्या पिचकडे पळून पळून दमली होती आणि मधे दार उघडं राहिलं.

आणि तरीही फ्रेझियर तो फ्रेझियरच. २ जानेवारी १९९६ चा फिएस्टा बोल, फ्लोरिडाविरुद्ध ६२-२४. त्यातली ती ७५ यार्डांची धाव मी कितीदा पाहिली असेल. उजवीकडे ऑप्शन, आत वळतो, एक धरतो, दोन धरतात, घोळका लोंबकळतो, आणि तो त्या घोळक्यातून सरळ उभाच्या उभा बाहेर येतो. पिचला माणूस बाजूला होता. त्याने पिच केला नाही. हा निर्णय कुठल्या प्रशिक्षकाने बाकावरून दिला होता?

पीचट्री

मृणालताई, शेवटचं वाक्य माझ्या मनातलं बोललात. लाइनमनचं म्हणणं मात्र मी मान्य करतो. मी मूळ लेखात त्यांचं नावही घेतलं नाही, ते चुकलंच.

सदा, बोलच्या तीन पराभवांना उत्तर नाही असं समजू नका. ३१ डिसेंबर २०१४, ऑरेंज बोल, मिसिसिपी स्टेट. त्यांनाही महिना मिळाला होता. जस्टिन थॉमस क्वार्टरबॅक, संघाचे धावून ४५२ यार्ड, ४९-३४ ने विजय. तोच प्रशिक्षक, तोच डाव. फरक होता तो मेश चालवणाऱ्या पोरात.

पास टाकता येत नाही म्हणता? २००९ मध्ये आमचा पास झेलणारा डिमेरियस थॉमस, त्याने याच ऑफेन्समध्ये ४६ झेलांत १,१५४ यार्ड काढले. एका झेलाला सरासरी २५ यार्ड! सगळे सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) धाव अडवायला पुढे येतात, मग मागे रान मोकळं. एनएफएल निवडीच्या पहिल्याच फेरीत डेन्व्हरने त्याला उचललं.

सदा_कोलंबस

एका पोराची सरासरी २५, पण हाच डाव क्वार्टरबॅकच्या भवितव्याचं काय करतो? १९८५ मध्ये ओक्लाहोमात (गाव नॉर्मन) उत्तम पासर असलेल्या क्वार्टरबॅक ट्रॉय एकमनचा पाय मोडला. प्रशिक्षक बॅरी स्विट्झरनी नवखा जमेल होलीवे उतरवला, विशबोन (ऑप्शनची जुनी मांडणी) पुन्हा जोरात चालला आणि विजेतेपद मिळालं. एकमन यूसीएलएला निघून गेला आणि पुढे तीन सुपर बोल (एनएफएलच्या अंतिम लढती) जिंकला. तो नॉर्मनमध्येच राहिला असता तर? आज तर पोरं एका मोसमात संघ बदलतात. कुठला उत्तम पासर चार वर्षं पिच करायला शिकत बसेल?

केदार_ऑबर्न

तुम्ही दोघंही विशबोन आणि फ्लेक्सबोन या जुन्या मांडण्यांमध्येच अडकलात. ऑप्शन मेला नाही, त्याने कपडे बदलले. मी अलाबामात राहतो, घर ऑबर्नवाल्यांचं, त्यामुळे माझा पक्ष उघड आहे.

३० नोव्हेंबर २०१३, आयर्न बोल, म्हणजे ऑबर्न विरुद्ध अलाबामा हा दरवर्षीचा सामना. अलाबामा पहिल्या क्रमांकावर, २८-२१ ने पुढे. ऑबर्न त्या चढाईत धावणाऱ्या ट्रे मेसनला पुन्हा पुन्हा चेंडू देत होतं. तोच झोन रीड, तीच मांडणी. चेंडू अलाबामाच्या ३९ यार्डांवर. क्वार्टरबॅक निक मार्शल पुन्हा मेश करतो, चेंडू ठेवून घेतो, डावीकडे पळतो. पास झेलणाऱ्या सॅमी कोट्ससमोरचा कॉर्नर (कडेचा बचावपटू) आता धाव अडवावी म्हणून दोन पावलं पुढे येतो. फक्त दोन पावलं. मार्शल रेषेच्या अलीकडे, पळता पळता, चेंडू त्याच्या डोक्यावरून टाकतो. कोट्सच्या आसपास चिटपाखरू नाही. ३२ सेकंद बाकी, २८-२८. त्यानंतर ख्रिस डेव्हिसने अलाबामाची चुकलेली फील्ड गोल किक परत पळवून नेली आणि ऑबर्न जिंकलं, ते सगळ्या जगाला माहीत आहे. पण ती वेळ आली ती मार्शलच्या त्या निर्णयामुळे.

हाही ट्रिपल ऑप्शनच आहे: दे, ठेव, नाहीतर टाक. फक्त पिचच्या जागी पास आला. आता याला आरपीओ (रन-पास ऑप्शन) म्हणतात आणि तो पास टाकणाऱ्या संघांच्याही प्लेबुकात आहे. कॉलेजात लाइनमनला पास सुटेपर्यंत तीन यार्ड पुढे जायची मुभा आहे, एनएफएलमध्ये एकच. ते दोन यार्ड मिळतात म्हणून कॉलेजच्या क्वार्टरबॅकला एवढा उशिरा निर्णय घेता येतो.

सदा_कोलंबस

केदार, हे मान्य. पण मग हा विजय ऑप्शनचा की पासचा? कॉर्नरला सजा मिळाली ती चेंडू हवेतून गेला म्हणून. शिवाय आजकाल कित्येक झोन रीड नावालाच रीड असतात, द्यायचा की ठेवायचा हे वरून ठरलेलं असतं. टीव्हीवर फरक कळत नाही.

निव्वळ जुन्या धाटणीचं म्हणाल, तर २०२२ पासून टॅकल बॉक्सच्या (मधल्या लाइनमनच्या पट्ट्याच्या) बाहेर कमरेखाली ब्लॉक करायला बंदी आली. ऑप्शनवाल्यांचा कोपऱ्यातला ब्लॉक तोच होता. पोरांचे गुडघे वाचतात, मी या नियमाच्या बाजूने आहे.

मृणाल_लिंकन

मीही. माझा भाचा हायस्कूलला डिफेन्सिव्ह एंड खेळतो. सामना सुरू असताना माझी बहीण त्याच्या गुडघ्यांकडेच बघत बसते. स्कोअर किती झाला हे मलाच विचारते.

पीचट्री

गुडघ्यांच्या बाबतीत माझा काहीच वाद नाही. पण नियम आला म्हणून डाव संपला, हे खरं नाही. आर्मीने (अमेरिकी लष्करी अकादमीच्या संघाने) २०२३ मध्ये घाबरून शॉटगनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकला काही यार्ड मागे उभा करून, पाहिलं, काही जमलं नाही. २०२४ मध्ये पुन्हा चेंडू देणाऱ्या सेंटरच्या थेट मागे आले, क्वार्टरबॅक ब्रायसन डेलीच्या हाती डाव दिला आणि १२-२ करून अकादमीच्या इतिहासातलं पहिलं कॉन्फरन्स (संघांच्या गटाचं) विजेतेपद घेतलं. यांना तीनशे पौंडांची पोरं फारशी मिळत नाहीत. वजनाची आणि उंचीची सैनिकी अट आहे, पदवीनंतर नोकरीचं बंधन आहे. अशा संघाने ओहायो स्टेटसारखं खेळायचं ठरवलं तर दर शनिवारी मार खाईल. समोरच्या दोन तगड्या गड्यांना अंगाने हरवता येत नाही, म्हणून त्यांना कोड्यात टाकायचं. माझ्या दृष्टीने ही पळवाट नाही, हा न्याय आहे.

सदा_कोलंबस

आणि त्याच मोसमात नोत्र दामने त्यांना ४९-१४ ने धुतलं. न्यायाला मर्यादा आहे, एवढंच माझं म्हणणं. पण आर्मीने ऑप्शनच खेळावा, याला माझी ना नाही. माझी ना आहे ती चांगला पासर हाताशी असताना ऑप्शन खेळण्याला.

अनिरुद्ध_पुणे

सगळं वाचलं. मी पुण्यातून कधीमधी आर्मी-नेव्ही (लष्करी अकादमी विरुद्ध नौदल अकादमी) सामना बघतो, आपल्याकडे रविवारी पहाटे दीडला सुरू होतो. मेश झाला की चेंडू कुणाकडे आहे हेच कळत नाही, कॅमेरासुद्धा फसतो. नेमकं कुठे बघायचं?

पीचट्री

चेंडूकडे बघूच नका. चेंडू सुटायच्या आधी क्वार्टरबॅकच्या पुढ्यातल्या फळीकडे बघा. ज्याला कुणीच हात लावत नाही असा एक गडी दिसेल, तो क्षणभर गोंधळून उभा राहतो. त्याच्या खांद्यांवर नजर ठेवा. तो आत वळला की समजा चेंडू अजून क्वार्टरबॅककडेच आहे.

सदा_कोलंबस

आणि त्याच्या मागच्या लाइनबॅकरवरही एक डोळा असू दे. एंड आत शिरताना तो बाहेर सरकला, तर तिथे क्वार्टरबॅकचीच वाट बघत कुणीतरी उभा आहे.

अनिरुद्ध_पुणे

बरं. डिसेंबरात दोन्हीकडे बघतो आणि इथेच येऊन सांगतो.