24 तारखेचा केक: ग्रॅम, अंश अन् संत्र्याची साल

ए-204: 24 ला संध्याकाळी आपल्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये नाताळचा फराळ पक्का. केक घरीच करायचे, विकतचे नाही. ज्यांच्या हातचा चांगला होतो त्यांनी कृती इथेच टाका. अंदाजपंचे नको, वजनात सांगा.

बी-101: माझा एकच प्रश्न. फळं दरवर्षी तळाशी जाऊन बसून राहिली. काहून?

सी-502: दोन कारणं. फळं ओली टाकता, नाहीतर तुकडे मोठे असतात. भिजवलेली फळं चाळणीत अर्धा तास निथळू द्या, मग कापडावर पसरा. खजूर मनुक्याएवढाच चिरा. मोजलेल्या मैद्यातलेच दोन मोठे चमचे घेऊन फळांना चोळा, वरून जास्तीचा मैदा नको, त्यानं केक कोरडा होतो. मिश्रण चमच्यातून धारेनं पडत असेल तर कोणतीही युक्ती चालणार नाही. उलटा केल्यावर चमच्यावरून सावकाश गोळ्यानं सुटलं पाहिजे.

ए-204: ताई, सगळी कृतीच द्या नं.

सी-502: घ्या. 8 इंची गोल टिनसाठी.
फळं: काळे मनुके 100 ग्रॅम, बेदाणे 100, खजूर 75, टुटीफ्रुटी 50, साखरेतली संत्र्याची साल 25. भिजवायला संत्र्याचा रस 150 मिली. काजू-बदामाचे तुकडे 50 ग्रॅम वेगळे, ते भिजवायचे नाहीत.
मैदा 200 ग्रॅम, बेकिंग पावडर 1 चहाचा चमचा, खायचा सोडा पाव चमचा. बिनमिठाचं लोणी 150 ग्रॅम, पिठीसाखर 125, अंडी 3. दालचिनी पूड अर्धा चमचा, सुंठ पाव, जायफळ पाव, लवंग चिमूटभर. लवंग जास्त झाली की केक दातदुखीच्या औषधासारखा लागतो, हात आखडता ठेवा.
कॅरॅमल: साखर 100 ग्रॅम, उकळतं पाणी 60 मिली.

डी-303: रंगासाठी कोको चालेल का? कॅरॅमल नेहमी कडू होतं.

सी-502: कोको टाकला तर तो चॉकलेट केक झाला. कॅरॅमल कडू होतं ते गॅस उशिरा बंद केल्यानं. जाड बुडाच्या भांड्यात साखर कोरडीच ठेवा, मंद आच, चमचा घालू नका, भांडंच हलवा. कोऱ्या चहाचा रंग आला अन् धुराची पहिली रेघ दिसली की बंद. भांडं तापलेलं असतं, त्यामुळे रंग पुढेही चढतो. उकळतं पाणी थोडं थोडं, हात लांब ठेवून. थंड पाणी ओतलं तर उडतंही अन् साखरेचा दगडही होतो. झालाच, तर परत मंद आचेवर विरघळवा. मग पूर्ण गार होऊ द्या. कोमट कॅरॅमल घातलं तर लोणी वितळतं, फेटलेली हवा गेली समजा.

ए-402: रस कोणत्या संत्र्यांचा? आणि मिक्सरमधून काढला तर?

सी-502: मिक्सर अजिबात नको. आपल्या नागपुरी संत्र्यात बिया असतात, त्या भरडल्या की रस कडवट होतो, अन् ठेवला की कडवटपणा वाढतोच. हातानं पिळा, गाळा. सध्या बाजारात आंबिया बहार आहे, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचं पीक, त्यात थोडा आंबटपणा असतो, फळं भिजवायला तोच चांगला. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळी फुलोऱ्याचा गोड माल यायला अजून वेळ आहे.

बी-101: रममध्ये भिजवलं तर?

सी-502: भाऊ, रमला मुरायला आठवडे लागतात, आपल्याजवळ तीन दिवस आहेत. अन् लहान पोरं खाणार. रसात भिजवायचं तर उलट नियम लक्षात ठेवा: रस टिकत नाही. रम फळं महिनोन् महिने सांभाळते, रसातली फळं बाहेर ठेवली की आंबतात. फ्रीजमध्ये 24 ते 48 तास, बस्स. ज्यांच्याकडे तेवढाही वेळ नाही त्यांनी रस अन् फळं मंद आचेवर पाच मिनिटं गरम करा, झाकून पूर्ण गार होऊ द्या. तेवढ्यात फुगतात. निथळलेला रस फेकू नका. दोन चमचे साखर घालून आटवा अन् केक गरम असताना ब्रशनं वरून लावा.

ए-402: साल घरी करता येते का? बाजारातल्या पाकिटात नुसता रंग दिसतो.

सी-502: येते, अन् इथे संत्री असताना विकत का आणायची? आठ-दहा संत्र्यांची साल, गरम पाण्यानं घासून धुतलेली. आतला पांढरा थर चमच्यानं खरवडा, कडू तोच असतो. पाव इंची पट्ट्या करा. पाण्यात पाच मिनिटं उकळा, पाणी फेका, असं तीन वेळा. मग सालीच्या वजनाएवढी साखर, साखरेच्या निम्मं पाणी, मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं, पट्ट्या पारदर्शक दिसेपर्यंत. आपल्या संत्र्याची साल पातळ असते, मोठ्या जाड सालीच्या फळाइतका वेळ दिला तर विरघळून मुरंबा होतो. जाळीवर रात्रभर वाळवा. आज रात्री केली तर उद्या वापरता येईल.

डी-303: आमच्याकडे अंडं चालत नाही. काय बदलू?

ए-204: माझाही हाच प्रश्न होता.

सी-502: तीन अंड्यांऐवजी 180 ग्रॅम दही, कापडात तासभर टांगून पाणी काढलेलं. वजन टांगल्यानंतरचं. सोडा पावऐवजी अर्धा चमचा, त्यापुढे नाही, साबणाची चव येते. मिश्रण झालं की लगेच ओव्हनमध्ये, दह्यात सोडा थांबत नाही. हा केक कमी फुगतो अन् जड लागतो, खरं सांगायचं तर अंड्याच्या तोडीचा होत नाही. पण दुसऱ्या दिवशी कापला तर छान लागतो.

बी-101: ओव्हनचं मी सांगतो. ओटीजीच्या (रॉडवर तापणाऱ्या लहान ओव्हनच्या) बटणावर 160 लिहिलेलं असतं, आत 160 असेलच असं नाही. दहा-वीस अंशांचा फरक सर्रास असतो. आत टांगायचा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. दोन्ही रॉड लावून 15 मिनिटं तापवा, मग 160 वर 20 मिनिटं, पुढे 150 वर 50 ते 55. टिन ओव्हनच्या उंचीच्या मध्यावर यावी, म्हणजे जाळी बहुतेक खालच्या खाचेत. लहान ओटीजीत वरचा रॉड जवळ येतो, 40 मिनिटांनी वर फॉइल अलगद ठेवा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर पंख्यामुळे केकला उष्णता जास्त बसते, 140-150 पुरे. आणि कॉम्बी मोड, म्हणजे मायक्रोवेव्ह अन् कन्व्हेक्शन एकत्र, लावू नका.

डी-303: वरून डोंगर होऊन भेग पडते ती काहून?

बी-101: ओव्हन जास्त तापलेला, नाहीतर टिन लहान. बाजू आधी शिजून कडक होतात, मधलं फुगून वाट काढतं. उलट मध्ये खड्डा पडला तर दार लवकर उघडलं, पावडर जास्त झाली किंवा केक कच्चाच काढला. 40 मिनिटांच्या आत दार उघडायचं नाही. टिनला दुहेरी कागद लावा, काठाच्या दोन इंच वर.

सी-502: एक गोष्ट राहिली, तीच थंडीत सगळ्यात जास्त नडते. सकाळी सकाळी लोणी दगड असतं. मायक्रोवेव्हमध्ये वितळवू नका, तुकडे करून दोन-तीन तास बाहेर ठेवा. बोट दाबलं की खळगा पडला पाहिजे, चकाकी नको. अंडी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. गार अंडं घातलं की मिश्रण फाटतं, दाणेदार दिसतं. फाटलं तर एक चमचा मैदा घालून फेटा, सावरतं. अंडी एकेक करून, कॅरॅमल सगळ्यात शेवटी अन् मैदा हलक्या हातानं. मैदा घातल्यावर बीटर बंद.

ए-402: कुलकुल, म्हणजे नाताळचे तळलेले गोड शंख, मी करते. मैदा 250 ग्रॅम, बारीक रवा 50, पिठीसाखर 40, गरम तूप दोन मोठे चमचे, चिमूट मीठ, नारळाचं दूध साधारण 110-120 मिली, लागेल तसं. घट्ट मळून अर्धा तास ओल्या कापडाखाली. बोराएवढी गोळी तेल लावलेल्या काट्याच्या पाठीवर अंगठ्यानं दाबायची, पातळ, मग गुंडाळायची. कडा नीट दाबली नाही किंवा मोहन जास्त झालं तर तेलात उलगडतात. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. मोठ्या आचेवर बाहेर लाल, आत मऊ, दुसऱ्या दिवशी चामड्यासारखे होतात. पाक 150 ग्रॅम साखर, 50 मिली पाणी, दोनतारी. गॅस बंद करून कुलकुल त्यात घोळवा, पांढरा थर बसेपर्यंत.

डी-303: गरम डब्यात भरू का?

ए-402: नाही बाप्पा, घाम सुटतो. पूर्ण गार झाले की स्टीलच्या डब्यात.

ए-204: केक कधी करायचा मग?

सी-502: 22 ला फळं भिजवा, 23 ला भाजा. मध्ये सुई घालून बघा, फळाचा चिकटा चालेल, ओलं पीठ नको. टिनमध्ये पंधरा मिनिटं, मग जाळीवर. पूर्ण गार झाल्यावर बटर पेपरमध्ये गुंडाळून ठेवा अन् 24 ला दात्यांच्या सुरीनं कापा. त्याच दिवशी कापला तर चुरा होतो.

ए-204: ठीक. बिनअंड्याचे केक वेगळ्या टेबलावर, डब्यावर चिठ्ठी लावा. अन् सुऱ्या दोन आणा, दोन्हीकडे एकच नको.