कंडोम वापरला तरी लैंगिक आजारांची टेस्ट करायची का?

केळीवाला_रावेर:
मित्राचा किस्सा आहे, आणि हो, खरंच मित्राचा. लग्न ठरलंय त्याचं. मागे ट्रेनिंगला नाशिकला होता, तिथे एकीशी जमलं, कंडोम होता, फाटला नाही, निसटला नाही. तरी गडी पाचव्या दिवशी जळगावात एका प्रायव्हेट लॅबमध्ये जाऊन ३५०० चं पॅकेज करून आला. सगळं निगेटिव्ह. तरी झोप नाही, रात्री दोनला मला फोन, घसा खवखवतोय म्हणे. अरे केळीच्या बागेत पहाटे पाणी भरतो तू, खवखवणारच ना. माझं मत एकच, कंडोम नीट वापरला तर विषय संपला, बाकी सगळी भीती विकायची दुकानं.

भुसावळची_सिस्टर:
विषय संपला म्हणायची एवढी घाई नको भाऊ. एचआयव्ही, गोनोरिया, क्लॅमिडिया यांना कंडोम चांगलाच अडवतो. पण सिफिलिस, हर्पीस (फोडांचा आजार), एचपीव्ही (चामखीळ आणणारा विषाणू) कातडीला कातडी लागून पण जातात, आणि कंडोम झाकतो तेवढंच झाकतो. तोंडाने केलं तेव्हा होता का कंडोम? हे विचारलं की सगळे छताकडे बघतात. बाकी पाचव्या दिवसाचा निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे पेरल्या पेरल्या उकरून बघणं. एचआयव्हीसाठी शिरेतलं रक्त घेऊन अँटीजन-अँटीबॉडी टेस्ट (विषाणूचा अंश आणि शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली अँटीबॉडी, दोन्ही शोधणारी) केली तर संबंधानंतर ४५ दिवस, नुसती अँटीबॉडीची असेल तर ९० दिवस धरायचे.

चोपडा_एक्सप्रेस:
कसाले इतलं टेन्शन लेस भो! लग्नाआधी असले धंदेच करू नये.

भुसावळची_सिस्टर:
केलं ते केलं. आता रक्ताचं बोला.

केळीवाला_रावेर:
मग ताई तुम्ही पण लॅबवाल्यांच्याच बाजूच्या ना! त्या पॅकेजात हर्पीसची रक्ताची टेस्ट पण होती. माझ्या चुलतभावाची आली होती तशी पॉझिटिव्ह, महिनाभर जेवला नाही, शेवटी डॉक्टर म्हणे लहानपणी ओठावर जर, म्हणजे तापाचा फोड, यायचा ना, तोच हा. काही त्रास नसताना कशाला उकरायचं?

भुसावळची_सिस्टर:
हे मात्र खरंय. लक्षण नसताना ती टेस्ट मी पण कुणाला सांगत नाही. एचआयव्ही आणि सिफिलिसची, योग्य वेळी, एकदा. लघवीला जळजळ, पू किंवा फोड आला तर मात्र वाट न बघता दाखवायचं, क्लॅमिडिया तर कित्येकांना जाणवत पण नाही.

धुळ्याचा_पोऱ्या:
मी गेलोय सरकारी आयसीटीसीत, म्हणजे दवाखान्यातल्या एचआयव्ही सल्ला-तपासणी केंद्रात, एचआयव्हीचा एक पैसा लागला नाही. भीती टेस्टची नव्हतीच, व्हरांड्यात गावचं कोणी भेटेल याची होती, आणि भेटलेच, आमचे मामा, बीपीच्या गोळ्यांच्या रांगेत! दात दुखतोय म्हटलं. आत कौन्सिलर मॅडमने दार लोटलं, काय काय झालं ते शांतपणे विचारलं, आधी संमती घेतली आणि केसपेपरच्या मागे परत यायची तारीख लिहून दिली. २०१७ चा कायदाच आहे, संमतीशिवाय टेस्ट नाही आणि रिपोर्ट कुणाला सांगायचा नाही. तेवढंही जमत नसेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन लाव, फुकट आहे. मामा अजून विचारतात दाताचं.

केळीवाला_रावेर:
आणि फाटला असता तर?

भुसावळची_सिस्टर:
तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठायचा, जितकं लवकर तितकं बरं. एचआयव्ही रोखायला २८ दिवसांच्या गोळ्या असतात. तुझ्या मित्राला ते लागू नाही. त्याला सांग, दर आठवड्याला लॅबवाल्याला पैसे नको देऊ, ४५ व्या दिवशी जाऊन ती शिरेतल्या रक्ताची अँटीजन-अँटीबॉडी टेस्ट कर.

केळीवाला_रावेर:
आत्ता मोजले बोटावर. ४५ वा दिवस बरोब्बर हळदीला येतोय.

धुळ्याचा_पोऱ्या:
😂 दात दुखतोय म्हणून सांग.

भुसावळची_सिस्टर:
उपाशीपोटी पण जायला लागत नाही, सकाळीच उरकून ये म्हणावं. आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत बायकोसोबत पण कंडोम. आता तो का, हे तिला काय सांगायचं ते त्याचं त्याने ठरवावं, मला विचारशील तर खरं सांगावं.