‘ताईत’, ‘गंडा’, ‘भारलेला दोरा’ आणि ‘लाभणारे पेन’

प्रश्न (राजेंद्रनगर, इंदूर)

आमच्या वसाहतीतील मुलींसाठी सुट्टीत हस्तकलेचे एक छोटे शिबिर भरवीत आहोत. प्रत्येकीने घरातील एखादी साधी, वापरातली किंवा अडगळीतली वस्तू आणावयाची, म्हणजे गंजलेली किल्ली, कोटाचे बटण, नदीतला गोटा, आजोबांच्या डब्यातला भोकाचा पैसा असे काहीही, आणि तिला दोरा, मणी, पितळी तार लावून स्वतःसाठी ‘लकी चार्म’ तयार करावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. हिंदी पत्रकात आम्ही ‘ताबीज’ लिहून मोकळे झालो. मराठी पत्रकात ‘ताईत’ लिहिले, तेव्हा मंडळातील एका ज्येष्ठ बाईंनी ‘ताईत घरी करीत नाहीत, तो करून आणतात’ असे म्हणून तो शब्द खोडला. त्यांचे म्हणणे ग्राह्य आहे का, आणि असल्यास त्या जागी काय लिहावे?

उत्तर (रामबाग, इंदूर)

बाईंचा आक्षेप योग्य आहे. ‘ताईत’ हा शब्द अरबी ‘तअवीज’वरून आला असून त्याच्या मूळ धातूत ‘आश्रय घेणे, शरण जाणे’ हा अर्थ आहे. हिंदीतील ‘तावीज’ आणि ‘ताबीज’ ही त्याचीच रूपे. चांदीची किंवा तांब्याची नळी अथवा चपटी पेटी, तिच्या आत मंत्र, यंत्र किंवा कुराणातील आयत लिहिलेला कागद अथवा भूर्जपत्र, तोंड लाखेने किंवा मेणाने बंद केलेले, आणि ते गळ्यात किंवा दंडावर बांधण्यासाठी काळा दोरा, अशी ही वस्तू आहे. रिकामी पेटी सराफ्यातून कोणीही विकत आणू शकतो, परंतु तिच्यात अधिकारी माणसाने काही घालून दिल्याखेरीज ती नुसता दागिना असते. म्हणूनच मराठीत या शब्दाबरोबर ‘करून आणणे’, ‘देणे’, ‘बांधणे’ ही क्रियापदे येतात, ‘सजवणे’ येत नाही. ‘धाकटा नातू आजीच्या गळ्यातला ताईत आहे’ असे आपण म्हणतो, त्यातही जिवापाड जपण्याची वस्तू हाच भाव आहे. नशीब उघडणारी वस्तू हा नाही.

‘गंडा’ हाही असाच दुसऱ्याच्या हातून येणारा. मंत्र म्हणत एकेक गाठ मारलेला दोरा तो गंडा, आणि सरसकट बोलताना ‘गंडादोरा’ किंवा ‘गंडेताईत’. या शब्दाचे नशीब मोठे चमत्कारिक आहे. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांच्यामुळे ज्या शहराचे नाव एका घराण्याला मिळाले, त्या इंदुरात गाण्याच्या बैठकीत बसणाऱ्यांना ‘गंडाबंधन’ वेगळे सांगावयास नको: गुरू शिष्याच्या मनगटावर दोरा बांधतो, गूळ आणि चणे दिले-घेतले जातात, आणि तिथून तो शिष्य त्या घराण्याचा होतो. हेच नाम ‘बांधणे’ सोडून ‘घालणे’ या क्रियापदापाशी गेले की ‘लाखाचा गंडा घातला’ अशी पोलिसातली बातमी होते.

आता आपल्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. वस्तू साधीच आहे आणि तिच्यात शक्ती आणावयाची आहे, या क्रियेला मराठीत ‘भारणे’ हे क्रियापद आहे. भारलेला दोरा, भारलेले पाणी, भारलेला अंगारा. ‘मंतरणे’ आणि संस्कृत वळणाचे ‘अभिमंत्रित करणे’ त्याच अर्थाचे, पण ‘भारणे’ अधिक अस्सल आहे. ‘त्यांच्या भाषणाने आम्ही भारावून गेलो’ हे आज आपण सहज लिहितो आणि त्यामागचा मांत्रिक आपल्याला दिसतही नाही. तथापि भारतो तो कोणीतरी जाणकार. आपली किल्ली आपणच भारली, असे मराठी माणूस सहसा म्हणत नाही.

मग स्वतःच्या अनुभवाने जवळची झालेली वस्तू मराठीत कशी सांगतात? माझ्या मते इथे मराठी नाम वापरतच नाही, ती क्रियापद आणि विशेषण वापरते. ‘हे पेन मला लाभते’, ‘निळा सदरा त्याला लाभतो’, ‘ते घर त्यांना लाभले नाही’, ‘त्या दुकानाची जागा आम्हाला धार्जिणी आहे’. माणसांच्या बाबतीत हेच काम ‘पायगुण’ आणि ‘हातगुण’ करतात. परीक्षेला तेच पेन नेणारी मुलगी आईला ‘माझा ताईत कुठे आहे’ असे विचारत नाही, ‘माझे लाभणारे पेन कुठे ठेवलेस’ असे विचारते. अर्थात हल्ली ती ‘लकी पेन’ म्हणते, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही.

प्रतिसाद (जुनी इंदूर)

वरील विवेचन मान्य करूनही ‘संरक्षणाची वस्तू नेहमी बाहेरूनच येते’ असा जो समज त्यातून होतो, त्याला माझी हरकत आहे. तान्ह्या मुलाच्या अंगावरची जवळजवळ सगळी राखण घरात तयार होते आणि तिला मांत्रिक लागत नाही. पांढरे ठिपके असलेला काळा दृष्टमणी, काळ्या मण्यांच्या मनगट्या, कमरेचा करगोटा आणि त्यात ओवलेला वेखंडाचा तुकडा, हे सारे आजी किंवा आत्या दुपारच्या वेळी मांडीवर ताट घेऊन ओवते. आमच्या घरातल्या एका करगोट्यात १९४३ ते १९४७ या काळातला भोकाचा पैसा होता. मध्ये आयते मोठे भोक असल्यामुळे तो टाके न घालता ओवता येई, आणि मुलाच्या घामाने व तेलाने त्याची कड एका बाजूने लखलखीत आणि दुसऱ्या बाजूने काळपट हिरवी झाली होती. त्याला घरात कोणी ताईत म्हटले नाही, गंडाही म्हटले नाही. ‘दृष्टीचा पैसा’ म्हणत. तेव्हा आपल्या शिबिरातील वस्तूंचे खरे पूर्वज हे आहेत.

या षष्ठीच्या रचनेकडे लक्ष वेधावेसे वाटते. दृष्टीचा पैसा, शकुनाची सुपारी, शकुनाचा नारळ, बरकतीचा रुपया, भवानीची नोट. वस्तूचे नाव जसेच्या तसे ठेवावयाचे आणि तिचे काम पुढे ‘-चा, -ची, -चे’ लावून सांगावयाचे, ही मराठीची जुनी सोय आहे. शीतलामाता बाजारातील कापडवाले पहिल्या विक्रीला ‘बोनी’ म्हणतात, आम्ही ‘भवानी’ म्हणतो, पण ती पहिली नोट डोळ्यांना लावून गल्ल्यात ठेवण्याची रीत दोघांची एकच आहे. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, त्यामुळे त्या परंपरेतल्या घरांत भंडाऱ्याची पुडी पाकिटात किंवा उशीखाली असते. तीही ‘भंडाऱ्याची पुडी’च राहते, तिला वेगळे नाव दिले जात नाही.

ज्याला काळाने उलटे केले असा एक शब्द इथेच नोंदवितो. ‘गालबोट’ म्हणजे मुलाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर मुद्दाम लावलेला काजळाचा ठिपका. हिंदीतील नजरबट्टूचा हा भाऊ. वृत्तपत्रांनी ‘मिरवणुकीला हुल्लडबाजीचे गालबोट लागले’ असे लिहून लिहून संरक्षक खुणेचा कलंक करून टाकला आहे, आणि मला ते वाचताना दर वेळी खटकते. बिब्ब्याचे तसेच: शनिवारी शनिमंदिराच्या रस्त्यावर लिंबू-मिरचीबरोबर दुकानाला टांगावयाचा तो राखणदार, आणि ‘त्याने आमच्या कामात बिब्बा घातला’ म्हणताना तोच बिघडवणारा. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला तर फोड उठतात, त्यामुळे दोन्ही अर्थांना आधार आहे. गालबोटाला तो नाही.

पुरवणी प्रश्न (राजेंद्रनगर)

दोघांचे आभार. आमच्यातील एकीने ‘तोडगा’ सुचविला आहे आणि दुसरीने ‘तिलिस्म’. इंग्रजी ‘टॅलिझमन’ त्याच्याशी संबंधित आहे असे ती म्हणते. हे चालतील का?

उत्तर (रामबाग)

‘तोडगा’ मुळात हिंदीतील टोटक्यासारखा, म्हणजे पीडा टळावी म्हणून केलेली कृती. ती वस्तू नव्हे. शिवाय आज ‘संपावर तोडगा निघाला’ हाच अर्थ सर्वांच्या मनात प्रथम येतो. ‘उतारा’ हा शब्दही याच वाटेने गेला: तिन्हीसांजेला चौरस्त्यावर ठेवलेला भात-लिंबाचा उतारा, विषावरचा उतारा, आणि पुस्तकातला किंवा सात-बाराचा उतारा.

‘तिलिस्म’विषयी बाईंचे म्हणणे शब्दशः खरे आहे. अरबी ‘तिलस्म’ ग्रीक ‘तेलेस्मा’वरून आला आणि इंग्रजी ‘टॅलिझमन’ त्याच कुळातला आहे. पण देवकीनंदन खत्री यांच्या १८८८ च्या ‘चंद्रकांता’नंतर हिंदीत तिलिस्म म्हणजे गुप्त दारांचा मायावी भुलभुलैया असाच अर्थ रुजला, आणि इंदूरच्या मुली हिंदीतच अधिक वाचतात. पत्रक वाचून त्या तळघर शोधू लागतील.

राखणारी वस्तू आणि यश देणारी वस्तू असा भेद करावयाचा असेल, तर पहिलीसाठी मराठीत ‘राखणीची’ हे विशेषण सुंदर आहे. संस्कृत ‘रक्षा’पासून आपल्याकडे राखणे, राखी आणि राख हे तिन्ही शब्द आले, ‘रक्षाविसर्जन’ या शब्दात रक्षा म्हणजे राखच, आणि कपाळी अंगारा लावण्यामागेही तीच सांगड आहे. बाजारात सध्या ‘ईव्हिल आय’ म्हणून मिळणारे निळ्या काचेचे तुर्की मणी याच वर्गातले, म्हणून त्यांना निःशंकपणे ‘दृष्टमणी’ म्हणावे. वाघनख मात्र खोटेच वापरावयास सांगा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार खरे बाळगता येत नाही, आणि जुन्या डब्यांतून ते हमखास निघते.

पत्रकासाठी माझी सूचना, जुनी इंदूरच्या सदस्यांच्या षष्ठीचा आधार घेऊन: ‘घरातल्या साध्या वस्तूपासून आपली शकुनाची वस्तू घडवू या.’ किल्ली आणणारीची ती ‘शकुनाची किल्ली’ होईल, बटण आणणारीचे ‘शकुनाचे बटण’.

प्रतिसाद (जुनी इंदूर)

ही शब्दयोजना मला पटते. फक्त मुलींशी बोलताना ‘ताईत’ येणारच, तेव्हा तो पुल्लिंगी आहे आणि प्रत्यय लागताना ‘ई’ ऱ्हस्व होते, हे फलक लिहिणाऱ्यास सांगून ठेवावे: गरीब–गरिबाला, वकील–वकिलाला, तसे ताईत–ताइताला, ताइतात, ताइताचा.