राजा जोंगजो: वडिलांना पेटीत कोंडून मारलं, त्याच दरबारात 24 वर्षं राज्य

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. आई आणि मी सध्या रोज रात्री जेवणं उरकली की एक कोरियन ऐतिहासिक मालिका बघतो. राजा योंगजो स्वतःच्या मुलाला, युवराज सादोला, तांदूळ ठेवायच्या लाकडी पेटीत कोंडून मारतो, तो भाग पाहून आईला रात्रभर झोप लागली नाही. हे खरंच घडलं होतं का? आणि पुढे त्याच सादोचा मुलगा जोंगजो गादीवर येतो, तर तो सूड का घेत नाही? हातात सत्ता आल्यावर माणूस गप्प कसा बसू शकतो, हे आईला काही केल्या पटत नाहीये. कोणी नीट वाचलेलं असेल तर कृपया सांगा.

सुवनकर:
खरं आहे, ताई. 1762 च्या उन्हाळ्यात सोलच्या छांगग्योंग राजवाड्यात हे घडलं. सादो 27 वर्षांचा होता आणि आठ दिवस त्या पेटीत होता. जोंगजोला तेव्हा दहावं वर्ष चालू होतं. त्याने आजोबांपुढे येऊन वडिलांसाठी गयावया केली आणि त्याला उचलून बाहेर नेण्यात आलं.

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं सोलच्या दक्षिणेला असलेल्या सुवन शहरात राहते. माझ्या घरामागची तटबंदी याच जोंगजोने बांधलेली, त्यामुळे या माणसाबद्दल मिळेल ते वाचत आले आहे.

पेटीच का? सादोची बायको ह्येग्योंग हिने म्हातारपणी आठवणी लिहून ठेवल्या. त्यात सादोच्या मनाच्या आजाराचं वर्णन आहे: कपडे अंगावर चढवायची भीती, एकामागून एक फाडून टाकलेले पोशाख, आणि त्या भरात मारले गेलेले नोकर. शेवटी सादोच्या सख्ख्या आईनेच राजाकडे जाऊन याचा बंदोबस्त करा म्हणून सांगितलं. (ह्येग्योंगला स्वतःच्या माहेरावरचा ठपकाही पुसायचा होता, हे लक्षात ठेवून ते वाचावं.) रीतसर खटला चालवून देहदंड दिला असता, तर नातू गुन्हेगाराचा मुलगा ठरला असता आणि गादीला वारस उरला नसता. पुढे 1764 मध्ये योंगजोने या नातवाला आपल्या कधीच वारलेल्या थोरल्या मुलाच्या नावे दत्तक दिलं. म्हणजे कागदोपत्री सादो त्याचा बाप उरलाच नाही.

आता आईंच्या प्रश्नाकडे येते. 1776 मध्ये राज्यारोहणाच्याच दिवशी जोंगजोने दरबारात सांगितलं, की मी युवराज सादोचा मुलगा आहे. मालिकांमध्ये सहसा इथेच संगीत वाढतं. पण त्याच भाषणात पुढे तो म्हणाला, की याचा आधार घेऊन कोणी सादोला राजाचा किताब द्या म्हणून मागणी केली, तर आजोबांच्या आज्ञेप्रमाणे त्याला शिक्षा होईल. एका दमात दोन्ही गोष्टी! माझ्या मते त्याची सगळी कारकीर्द या दोन वाक्यांत आहे.

तो अगदी गप्प बसला असंही नाही. त्याच्या आईचा काका होंग इन-हान याने 1775 मध्ये म्हटलं होतं, की दरबारातले गट, नेमणुका आणि राज्यकारभार यांतलं काहीच युवराजाला, म्हणजे जोंगजोला, कळायची गरज नाही. जोंगजोने त्याला 1776 मध्येच मृत्युदंड दिला. पुढच्याच वर्षी रात्री तो वाचत बसलेला असताना मारेकरी छपरावर चढले होते. पण 1762 मध्ये वडिलांच्या विरोधात गेलेल्यांचा हिशोब घरोघरी जाऊन त्याने चुकता केला नाही. तसं केलं असतं तर निम्मा दरबार रिकामा झाला असता, आणि आजोबांनी अन्याय केला हेही जाहीरपणे म्हणावं लागलं असतं.

त्याऐवजी त्याने वडिलांची जागा बदलली. 1789 मध्ये सादोची कबर सोलजवळून सुवनच्या ह्वासान टेकडीपाशी आणली. तिथलं गाव नुकसानभरपाई देऊन हलवलं आणि नव्या गावाभोवती 1794 ते 1796 मध्ये साडेपाच किलोमीटरहून लांब तट उभारला, ह्वासोंग. दगड उचलायला जोंग याक-योंग या त्याच्या विद्वान अधिकाऱ्याने कप्प्यांचं यंत्र तयार केलं. वेठबिगारीवर भागवता आलं असतं, पण मजुरांना मजुरी दिली आणि तिच्या नोंदी छापून ठेवल्या.

1795 ची मिरवणूक मला सगळ्यात हलवून जाते. हान नदीवर 36 होड्यांचा पूल टाकून तो आईला सुवनला घेऊन आला, तिच्या साठीच्या सोहळ्यासाठी. सादो आणि ह्येग्योंग दोघंही 1735 सालचे. तेव्हा साठी वडिलांचीही होती, आणि हे तिथल्या प्रत्येक मंत्र्याला कळत होतं.

जुनी पानं:
सुवनकर, उत्तम लिहिलंत. पण शेवट राहिला. 1800 मध्ये जोंगजो 47 व्या वर्षी गेला. पाठीवर गळवं झाली होती, त्यांना पाऱ्याची धुरी देण्यात आली, आणि ती सुचवणारा सिम इन हा विरोधी गटाच्या सिम ह्वान-जीचा नातेवाईक. मला तरी यात विषाचा वास येतो.

सुवनकर:
2009 पर्यंत असं म्हणणाऱ्यांची बाजू बरीच भक्कम वाटायची. त्या वर्षी जोंगजोने याच सिम ह्वान-जीला 1796 ते 1800 मध्ये लिहिलेली 299 गुप्त पत्रं उजेडात आली. दरबारात उद्या काय बोलायचं ते राजा आपल्या या ‘विरोधकाला’ आदल्या दिवशी कळवतो, पत्रं नष्ट करायला सांगतो, मंत्र्यांना शिव्या घालतो. आणि मृत्यूच्या आधीच्या पत्रांत स्वतःच्या दुखण्याबद्दल लिहितो. ज्याला मारेकरी मानायचं, त्यालाच तो आपली तब्येत सांगत होता. पारा घातकच, पण मला यात आजारी आणि अतोनात काम करणारा माणूस दिसतो.

खरा घात मृत्यूनंतर झाला. वारस दहा वर्षांचा, कारभार योंगजोची दुसरी राणी, राजमाता जोंगसुन हिच्याकडे. 1801 मध्ये कॅथलिकांची धरपकड झाली आणि त्यातच जोंग याक-योंगला हद्दपार केलं, ते 18 वर्षांसाठी. 1791 मध्ये सोलच्या बहुतेक परवानाधारक दुकानांची मक्तेदारी मोडणारा, अनौरस घराण्यांतल्या विद्वानांना आपल्या ग्रंथालयात नेमणारा राजा आपल्यामागे चालेल अशी व्यवस्था लावू शकला नाही. हा दोष मी त्याच्याच पदरात टाकते. सगळं स्वतःच्या हातात ठेवायची त्याला सवय होती. लेखकांनी नव्या धाटणीचं गद्य लिहू नये म्हणूनही तो त्यांच्यामागे लागला होता!

गोदाकाठ:
आईला सगळं वाचून दाखवलं. ती विचारते, तो तट अजून आहे का?

सुवनकर:
आहे. कोरियन युद्धात बराच ढासळला होता. पण बांधकामाच्या त्या छापील नोंदींत मापं, आकृत्या सगळं होतं, त्यावरून 1970 च्या दशकात दुरुस्ती झाली, आणि 1997 मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आलं. आईंना आणणार असाल तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला या, तेव्हा 1795 ची मिरवणूक पुन्हा काढतात. पाल्दाल टेकडीची चढण गुडघ्यांना जड जाईल, पूर्वेकडचा भाग सपाट आहे. सादो आणि जोंगजो दोघांच्या कबरी एकाच आवारात आहेत, सुवन स्टेशनहून तिथे बस जाते.