'क्राफ्टिंग'ला मराठीत काय म्हणाल? (एका जुन्या खेळाच्या निमित्ताने)

चकमक:
मंडळी, एक अडचण आहे. 'अनरिअल वर्ल्ड' नावाचा फिनलंडचा संगणकावरचा खेळ गेली काही वर्षं खेळतोय. सामी मारानेन या गृहस्थांनी १९९२ साली त्याची पहिली आवृत्ती काढली, डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवर चालणारी. पुढे एर्का लेहमुस जोडीला आले. भर घालणं अजून चालूच आहे. चित्रं जुन्या वळणाची, चौकोनाला चौकोन जोडलेली. तुम्ही कळ दाबाल तेव्हाच वेळ पुढे सरकते. काळ फिनलंडच्या लोहयुगाच्या अखेरचा. राक्षस मारून राजकन्या सोडवायची वगैरे भानगड नाही. जंगल, थंडी, भूक आणि तुम्ही.

चार मित्रांसाठी मराठीत टिपण लिहायला बसलो आणि पहिलंच वाक्य उतरलं ते असं: 'हा ओपन वर्ल्ड सर्व्हायव्हल क्राफ्टिंग रोल-प्लेइंग गेम आहे.' यात मराठी शब्द दोनच, 'हा' आणि 'आहे'. पेन खाली ठेवलं. निदान 'सर्व्हायव्हल' आणि 'क्राफ्टिंग' (खेळात लागतील त्या वस्तू स्वतः करणं) यांना तरी शब्द सुचवा.

शंकेखोर:
सोपं आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकांत 'अतिजीविता' आहे. क्राफ्टला 'हस्तकला'. 'मुक्तविश्व अतिजीविता हस्तकला भूमिकाखेळ.' घ्या.

चकमक:
अहो, 'हस्तकला' म्हटलं की मला घोटीव कागद, डिंक आणि गुरुवारचा तिसरा तास आठवतो. इथे माणूस बर्फात उभा राहून एल्कचं, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाचं, कातडं सोलतोय. आणि 'अतिजीविता' वाचून चौघांतले तीन जण पळतील.

पडशी:
सर्व्हायव्हलला 'तगणं'. रोप तगतं, गुरं दुष्काळात तगतात, माणूस परगावी तग धरतो. 'जगणे' आणि 'तगणे' यात फरक आहे. जगण्यात आनंदही येतो. तगण्यात कुणीतरी समोरून रेटा देतंय आणि आपण मोडलो नाही एवढंच. तुम्ही सांगता तो खेळ तगण्याचाच दिसतो.

शंकेखोर:
'तग' मान्य. मग 'तगाई' आणि 'तगादा' त्याच कुळातले का? शेतकऱ्याला तगून राहायला सरकार देई ती तगाई, ती फेडली नाही की मागे लागे तो तगादा.

पडशी:
जुळतंय छान, पण नाही. तगाई म्हणजे तकावी, ती अरबीतून आली. मूळ अर्थ बळ देणे, 'कुवत'च्या घरातला. तगादाही अरबी, मागणी या अर्थाचा. 'तग'शी दोघांचं नातं फक्त कानाला ऐकू येणारं. अर्थात शेतकऱ्याच्या आयुष्यात तिन्ही एकाच दारातून आले हे खरं.

चकमक:
'तगणं' पक्कं. आता क्राफ्टिंग.

नाचणी:
जरा उलटं विचारते. त्या खेळात माणूस नेमकं काय काय करतो ते सांगाल का? इंग्रजी यादी नको, क्रिया सांगा.

चकमक:
बरं. झाड तोडतो, ओंडक्याच्या फळ्या काढतो, खोपट उभं करतो. सालीच्या, कातड्याच्या पट्ट्यांच्या दोऱ्या करतो. धनुष्य, बाण, भाला. सापळे बरेच प्रकारचे. मांस भाजतो, वाळवतो, खारवतो, धुराला लावतो. कातडी साफ करतो, मग चरबी नाहीतर झाडाची साल वापरून पक्की करतो, धुऊन ताणतो. जंगलाचा तुकडा तोडून, जाळून, राखेत सलगम नाहीतर राय नावाचं धान्य पेरतो. मासे धरतो. मरतो. (एकदाच. जीव एकच आहे, आणि मेला की तो माणूस कायमचा गेला. मागची नोंद उघडून परत येणं नाही.)

नाचणी:
म्हणजे तुमच्या प्रश्नातच गोची आहे. इंग्रजीला हे सगळं एका शब्दात कोंबता येतं. मराठीला ते नको असतं. आपण दोरी वळतो, टोपली विणतो, लाकूड तासतो, सूत काततो, धार लावतो, बोथट कुदळ लोहाराकडून शेवटून आणतो, कातडं कमावतो. भाकरीसुद्धा आपण 'बनवत' नव्हतो, थापत होतो. हल्ली सगळंच 'बनवतात', चहापासून व्हिडिओपर्यंत. प्रत्येक जिनसाला त्याचं क्रियापद असताना वरून एक छत्री कशाला उघडता? टिपणात सरळ लिहा: 'दोरी वळायला शिका, कातडं कमवायला शिका.' क्राफ्टिंग हा शब्द लागणारच नाही.

पडशी:
'शेवटणे' वाचून बरं वाटलं. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर भात्यापाशी रांग लागायची, फाळ आणि पहारी शेवटायला. माझ्या मुलाला सांगितलं तर म्हणाला, शेवटणे म्हणजे संपवणे का?

शंकेखोर:
सामान्यनाम तरीही लागेल. खेळात एक यादी उघडते, तिच्या डोक्यावर काहीतरी मथळा हवा ना? 'घडवण', 'घडणावळ'?

नाचणी:
घडणावळ म्हणजे सोनाराची मजुरी, राव! दागिन्याच्या बिलात खालच्या ओळीला येते ती. मथळा हवाच असेल तर 'हुन्नर' घ्या, नाहीतर 'कसब'.

पडशी:
'कसब'वर जरा थांबू. अरबीत कसब म्हणजे कमाई, मिळकत. मराठीत आल्यावर तो झाला हातातली कला. (गावाचा 'कसबा' वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.) आणि आपलं 'कमावणे' बघा: ते 'कर्म', 'काम' या कुळातलं. पैसा कमावतो, नाव कमावतो, पैलवान शरीर कमावतो, गवई आवाज कमावतो, आणि ढोर-चांभार कातडं कमावत आले. म्हणजे कमाई आणि कसब ही जोडी अरबीतून आलेल्या शब्दातही आणि आपल्या शब्दातही, दोन्हींकडे आपापल्या वाटेने जुळली. कच्चं, कुजणारं, हातात न टिकणारं काहीतरी घेऊन ते टिकाऊ करणं हा 'कमावण्या'चा गाभा. त्या खेळात कातडं वेळेत कमावलं नाही तर कुजतं ना?

चकमक:
कुजतं. पहिल्या हिवाळ्याआधी माझी तीन कातडी अशीच गेली. आणि आणखी एक गंमत: त्या खेळात 'लेव्हल' नावाची गोष्ट नाही. जे काम कराल त्यातच हळूहळू सुधाराल. मासे धरत राहिलात तर मासेमारी सुधारेल, कुऱ्हाड सुधारणार नाही. 'स्किल वाढलं' याला काय म्हणू?

नाचणी:
'हात बसला.' दुसरं काय! शिवणात हात बसतो, भाकरीत बसतो.

चकमक:
हे म्हणजे त्या खेळासाठीच बनवल्यासारखं आहे. चुकलो, घडवल्यासारखं.

पडशी:
कमावण्याचं आपलं साहित्यही लिहून ठेवा: बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा. फिनलंडमध्ये बाभूळ नाही, पण सालीतला तुरट अंश कातडं पक्कं करतो हे तत्त्व एकच. आणि हे काम आपल्याकडे ज्यांनी केलं त्यांना गावाबाहेर ठेवलं गेलं, म्हणून हे शब्द पुष्कळांच्या घरात कधी उच्चारलेच गेले नाहीत. आज खेळासाठी ते शोधावे लागतात त्यामागे हेही आहे.

बालाघाटची:
याच मुद्द्यावर माझी भर. मांस वाळवण्याला शब्द शोधत असाल तर मराठवाड्यात तो आहे: चान्या. मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवायच्या. माझी आजी करायची. वाळल्या की डब्यात, आणि महिनोन्‌महिने पुरवून. भाजून नुसत्या खाल्ल्या तरी भागतं. पुण्यात कॉलेजात हा शब्द मी चार वर्षं तोंडातून काढला नाही, आता काढते. तुमच्या टिपणात 'वाळवलेलं मांस' असं सोवळं लिहू नका.

चकमक:
ताई, लिहितो. फक्त तिकडे ऊन नाही, थंड कोरडा वारा वाळवतो. म्हणून मोसम चुकला की वाळवण जमत नाही. तरी वस्तू तीच, शब्द तोच.

शंकेखोर:
आता सापळे. सगळ्यांना 'सापळा'च म्हणणार का?

पडशी:
नको. दोरीच्या सरकत्या गाठीचा तो फास (त्यावरूनच फासेपारधी हे नाव, इंग्रजांनी कायदा करून ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यांत पारधीही होते, तो कायद्यातला शिक्का पुसला गेला १९५२ साली, लोकांच्या मनातला नाही). ससे अडवायचं लांब जाळं ती वाघर, किंवा वाघूर. वरून ओंडका किंवा दगड पडतो त्याला मला नेमका शब्द आठवत नाही. 'पडता सापळा' म्हणा सरळ. ओढूनताणून शब्द पाडू नका.

चकमक:
आणि दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर कुंपण घालून मध्ये खड्डे खणायचे, एल्क आपोआप खड्ड्याकडे वळतं?

नाचणी:
कुंपण म्हणजे वई. तुमच्या एल्कसाठी घातलेली वई. आमच्याकडे डुकरांसाठी घालतात, पण ती आत न येऊ देण्यासाठी!

बरं, ते जंगल जाळून पेरण्याबद्दल. कोकणात 'राब' आहे, पण तो वेगळा. राब भाजताना शेण, टहाळ, पाचोळा एका वाफ्यावर पसरून जाळतात आणि तिथे भाताचं नाहीतर नाचणीचं रोप करतात. वाफा तोच राहतो. तुम्ही म्हणता तशी, रान तोडून जाळायचं, दोनतीन पिकं घ्यायची आणि पुढे सरकायचं, ती कुमरी. गोव्यात कुमेरी. ठाणे-रायगडकडे दळी.

एस्पोकर:
इतका वेळ नुसती वाचत होते. मी बारा वर्षं फिनलंडमध्ये आहे, एस्पोला. इथे त्या शेतीला 'कास्की' म्हणतात. आणि नवरा खेळतो तो खेळ, त्यामुळे घरात खारीच्या कातड्यांचे भाव ऐकावे लागतात. खेळात पैसे नाहीत, सगळी अदलाबदल. आता गंमत ऐका: फिनिशमध्ये पैशाला 'राहा' म्हणतात, आणि त्याचा जुना अर्थ आहे जनावराचं केसाळ कातडं. जर्मॅनिक भाषांकडून आलेला शब्द. खारीच्या चाळीस कातड्यांच्या जुडीला 'कीह्तेल्युस' असा वेगळा शब्दही होता.

शंकेखोर:
आपली कवडी तशी. कवडीमोल, फुटकी कवडी. चलन गेलं, हिणवणं राहिलं.

एस्पोकर:
आणखी एक. फिनिश भाषा आपल्या कुळातली नाही, पण फार पूर्वी इंडो-इराणी (संस्कृत-फारसीच्या कुळातल्या) भाषा बोलणाऱ्यांशी त्यांच्या पूर्वजांचा संबंध आला. म्हणून इथे शंभराला 'साता' म्हणतात, आपलं शत. आणि हातोड्याला 'वासारा', ज्याचा संबंध वज्राशी लावतात. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात दुकानात 'साता' ऐकलं तेव्हा मला वाटलं सात म्हणतेय. सात युरो काढून ठेवले. बाईंनी शंभर मागितले होते.

पडशी:
हा शेवटचा परिच्छेद मी जपून ठेवणार!

चकमक:
ताई, मग एक तुम्हीच सोडवा. वसंतात बर्फाचा वरचा थर दिवसा वितळतो, रात्री गोठून कडक होतो, आणि सकाळी त्यावरून पाय न रुतता चालता येतं. मराठीत आपल्याकडे दव, दहिवर, धुकं, गारा. बर्फाशी आपला संबंध सरबतापुरता.

एस्पोकर:
इथे त्याला 'हांकिकान्तो' म्हणतात. हांकी म्हणजे जमिनीवर साचलेलं बर्फ, कान्तो म्हणजे वाहून धरणं, पेलणं. म्हणजे माणसाचं वजन पेलणारं बर्फ.

नाचणी:
मग 'पेलतं' आहेच की. 'आज बर्फ पेलतंय का?' असं विचारायचं. साकवावरून जाताना आम्ही विचारतो तसं.

चकमक:
टिपणात घातलं: 'सकाळी बर्फ पेलतं तेव्हाच निघा, दुपारी रुताल.' आणि पहिलं वाक्य आता असं आहे: 'मोकळ्या रानात एकट्याने तगायचा खेळ, जे लागेल ते स्वतः वळा, तासा, कमवा.' रोल-प्लेइंगला अजून काही सुचलेलं नाही. सोंग म्हणू का?

शंकेखोर:
सोंग आणता येतं, पण भुकेचं नाही. विचार करून सांगतो.